हॉर्नविरुद्धचं गाणं

आवाज ऐकू आला की बटण दाबायचं, एवढंच तर सांगितलं होतं तिनं. पण काचेपलीकडे हेडफोन घालून बसलेला हा गायक चक्क ठेक्यात बटण दाबत होता. सात वर्षं ती लोकांचे कान तपासत होती, असला नमुना पहिल्यांदाच बघितला.

"तपासायला आलात की… वाजवायला?" तिनं दार उघडून विचारलं.

"चुकलं," म्हणत तो असा काही गोड हसला, की तिला आणखीच राग आला.

तिसऱ्यांदा तपासल्यावर त्याच्या ऐकण्याचा आलेख नीट उतरला. टोकदार, बारीक आवाज त्याला ऐकूच येत नव्हते. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते जपा, असं तिनं समजावलं. त्यानं मान डोलावली आणि फोनवर एक गाणं लावून पुढे केला. शुक्रवारी त्याचं हे पहिलं गाणं येणार होतं. दोन वर्षं खपला होता त्यासाठी. सिंथसायझरच्या सुरांवर ठुमकणारं, नाचरं… आणि सांगणं काय, तर रस्त्यावर हॉर्न वाजवू नका!

शब्द खट्याळ होते. तिचा पाय नकळत हलायला लागला. मग झांजा सुरू झाल्या आणि तिनं कानांवर हात ठेवले. खोटं बोलावंसं वाटलं तिला, इतक्या आशेनं बघत होता तो.

"गाणं छान आहे. पण कानात सुया टोचतात. तुम्हाला वरच्या पट्टीतलं ऐकू येत नाही, म्हणून तुम्ही ते वाढवत गेलात."

तो फोन खिशात घालून निघून गेला. नसता आगाऊपणा कुणी सांगितला होता, म्हणून ती दोन दिवस स्वतःवरच चिडचिडली.

गुरुवारी दुपारी लॅपटॉप घेऊन तो दारात हजर.

"माझ्या कानांचा भरवसा राहिला नाही. तुमचे… मिळतील?"

मग तिनं झांजा कमी करायला सांगायचं आणि त्यानं हुज्जत घालायची. डोकं पिकवलं त्यानं. वर स्क्रीन सोडून तिच्याकडेच बघत बसला होता.

"इकडे काय बघताय?"

"तुमच्या कपाळावरची आठी. ती गेली की थांबतो."

आठी गेली. तो थांबला. आता हा उठून जाणार, म्हणून तिनं गाणं उगाच पुन्हा एकदा लावायला सांगितलं.

"गाणं तर झालं," तो चाचरत म्हणाला. "आता यायला निमित्त काय सांगू… कळत नाही."

"निमित्त कशाला लागतं?" ती वैतागून म्हणाली. "सरळ यायचं."