घासलेली बाजू

पाडलेल्या सोडा कारखान्याच्या ढिगाऱ्यात मी विटा उपसत होते. मागून आवाज आला, "मॅडम, काही हरवलंय का?"

हातात थापी घेतलेला, तिथल्या नव्या बांधकामावरचा गवंडी होता. भुवयांपर्यंत चुना उडालेला, तरी दिसायला बरा.

"हरवलं नाही, शोधतेय. सोड्याचा जुना कॅन, संत्र्याचं चित्र असलेला."

"भरलेला?"

"रिकामा."

तो हसला नाही. तिथेच मला तो आवडला.

या कारखान्यात माझ्या बाबांनी बावीस वर्षं कॅनवर रंग छापले. माझ्या फळीवर एकशे बारा जुने कॅन आहेत. गंज हलक्या हातानं काढायचा, पोचे आतून दाबून बसवायचे, मूळ रंगाला मात्र धक्का लावायचा नाही. यात माझा हात धरणारं कुणी नाही, हे मी आपणहून सांगते. पण बाबांनी छापलेला संत्र्याचा कॅन तेवढा माझ्याकडे नव्हता.

मग मी रोज जाऊ लागले. कॅनसाठी... घरी तरी तसंच सांगत होते.

एके दुपारी त्यानं रुमालात गुंडाळलेलं काहीतरी पुढे केलं. "जुन्या भिंतीत निघाला. गंजला होता. सकाळपासून तारेच्या ब्रशनं घासतोय."

कॅनची समोरची बाजू लखलखत होती आणि अर्धं संत्रं नाहीसं झालं होतं.

"चुकलं का?" त्याचा चेहरा उतरला. "मी रंगवून देऊ?"

"खोटा रंग मी लावत नाही." रडू आवरत मी कॅन फिरवला. दुसऱ्या बाजूला गंजाखाली रंग शाबूत होता. "अर्धाच का घासलात?"

तो थापीकडे पाहत राहिला. "तुम्ही फाटकातून येताना दिसलात... मग हात चालेना."

मी कॅनवरची नजर हलवली नाही. मान वर केली असती तर सगळं कळलं असतं त्याला.

"उद्यापासून लवकर येत जाईन," मी म्हटलं.

उरलेला गंज मी चार दिवस लावून उतरवला. बाबांनी कॅन हातात घेतला, संत्र्याच्या पानावरून अंगठा फिरवला. "हा हिरवा मीच जुळवला होता," ते म्हणाले आणि ताठ बसले.

आता तो कॅन फळीवर मधोमध आहे. पाहुण्यांना मी दोन्ही बाजू फिरवून दाखवते. ही माझ्या बाबांनी रंगवली, आणि ही — माझ्या नवऱ्यानं घासली.