खालून आलेला आवाज

“ए पलीकडची! जिवंत आहेस ना?”

फळ्यांच्या भिंतीवर वियोनोची मूठ आदळली, आणि हनुवटीपर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या सुमिराहच्या अंतःकरणात, त्या भयंकर क्षणीही, हर्षाची लाट उसळली... तीन वर्षांनी भावाने तिला हाक मारली होती! ‘ताई’ म्हणून नव्हे. पण मारली होती!

भर दुपारी सेमारांग शहराचा समुद्रबांध फुटला होता आणि वादळाने उधळलेला समुद्र कोळीवाड्याच्या गल्ल्यागल्ल्यांतून धावत सुटला होता. वाहत आलेली एक नाव तिच्या दारावर आडवी बसली होती; दार आता उघडणार नव्हते.

“जिवंत आहे रे!” ती ओरडली. “गुडघाभर तर पाणी!”

खचत्या जमिनीवरचे ते घर. दर चार-पाच वर्षांनी आत माती भरून जमीन उंच करावी, तेव्हा कोठे समुद्र उंबऱ्याबाहेर राही. वियोनोचे लग्न ठरले त्या वर्षी मिळालेली माती जेमतेम एका खोलीपुरती होती. आईमागे ज्याला तिने स्वतः अविवाहित राहून वाढविले, त्याच्या नववधूने, एंदाहने, खाऱ्या चिखलात पाऊल टाकावे?... छे! सुमिराहने सारी माती त्याच्या खोलीत ओतली, “दोन्हीकडे पुरली” असे हसून सांगितले, आणि आपली खोल राहिलेली जमीन त्याच्या दृष्टीस पडू नये म्हणून मध्ये फळ्यांची भिंत घातली. त्या भिंतीत त्या अजाण जिवाला केवळ मत्सर दिसला! “माझी बायको आली नि तू परकी झालीस,” एवढे बोलून त्याने अबोला धरला होता.

“होडी आलीय!” वियोनो म्हणाला. “एंदाह नि बाळ चढली. तूही ये बाहेर!”

“तुम्ही व्हा पुढं. मी पुढच्या खेपेला येते.”

“आवरा रे!” होडीवाले कार्मिनकाका बाहेरून गरजले. “तुमची भांडणं मिटेस्तोवर थांबलो, तर आज मासेच आपल्याला खातील!”

वियोनो वळला... आणि थबकला.

“तुझा आवाज माझ्या गुडघ्यापाशी कसा गं?”

सुमिराहने ओठ घट्ट मिटले. लाटेचे खारे पाणी त्यांवरून गेले.

“ताई!... बोल ना, ताई!”

कुऱ्हाडीचे घाव पडू लागले. फळी फुटली, दुसरी फुटली, आणि गुडघाभर पाण्यात उभ्या भावाने आपल्या पायांशी तरंगणारे बहिणीचे मस्तक पाहिले. तिच्या पायांखाली आईच्या वेळची जमीन होती, तसूभरही उंच न केलेली! तीन वर्षांचा अबोला एका दृष्टिक्षेपात जळून गेला.

“गुडघाभर म्हणालीस! कुणाच्या गुडघ्याएवढं?”

“तुझ्याच की,” ती धापा टाकीत हसली. “खोटं कुठं बोलले?”

त्याने तिला काखेत धरून वर ओढले, आणि तिच्या भिजल्या खांद्यावर तोंड लपवून तो लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला...

“पुरे रे, आधीच पाणी काय थोडं आहे!” तिने त्याच्या पाठीवर थाप मारली, स्वतःचे डोळे मात्र तिला आवरता आले नाहीत.

होडीत एंदाहने बाळ तिच्या मांडीवर ठेवले. कार्मिनकाकांनी कुरकुरत वल्हे टाकले.

“पाणी ओसरलं,” वियोनो म्हणाला, “की माती आधी तुझ्या खोलीत.”

“आणि पाळणा?”

“तोही तुझ्याच खोलीत, ताई. मध्ये भिंतच कुठं राहिलीय आता!”