दुसऱ्या खिडकीतला आकडा

हे खरं आहे.

मी फिजिक्स शिकले आहे. कुणी काही सांगितलं की पुरावा मागते. या गोष्टीचा पुरावा माझ्याकडेच आहे... जर्नलचं पान एकसष्ट.

गेल्या वर्षीचा अठरा एप्रिल. धुळे. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. बाहेर चव्वेचाळीस अंश ऊन.

रात्र नव्हती. पण आमच्या डार्क रूममध्ये दुपारही काळीच असते.

मी तिसऱ्या वर्षाला होते. चार वाजता जर्नलवर मॅडमची सही घ्यायची शेवटची वेळ. सही नाही तर परीक्षा नाही. माझा आणि माझी पार्टनर सरिता हिचा एकच प्रयोग राहिला होता. प्रिझमचा कोन.

सरिता शिरपूरच्या वरच्या बाजूची. सातपुड्याच्या पायथ्याच्या तिच्या पाड्यावरून बी.एस्सी.पर्यंत आलेली पहिली मुलगी. वर्ष गेलं तर परत पाठवणार नाही, असं तिच्या वडिलांनी, दिलवरसिंगभाऊंनी, स्पष्ट सांगितलं होतं.

आणि त्याच दिवशी तिची बस आली नाही. फोनही लागेना.

प्रयोगशाळेचे शिपाई तोतारामनाना दारात स्टुलावर बसले होते. म्हणाले, एकटीने आत बसू नको, जोडीदारीण येऊ दे. मी म्हटलं, तोवर दिवा लावून ठेवते.

आत गेले. पडदा ओढला.

सोडियमचा पिवळा दिवा तापायला वेळ घेतो. कोन मोजायच्या यंत्राच्या गोल चकतीला समोरासमोर दोन छोट्या खिडक्या असतात. एकीने दुर्बीण धरून अलीकडच्या खिडकीतला आकडा वाचायचा. दुसरीने पलीकडचा; तो बरोबर एकशे ऐंशी अंशांनी जास्त यायला हवा. दोन रकाने. तीन वर्षं आम्ही असंच केलं होतं.

मी दुर्बिणीला डोळा लावला.

मागे पडद्याच्या कड्या वाजल्या...

पलीकडे स्टूल सरकलं.

"आलीस एकदाची," मी डोळा न काढता म्हटलं. उत्तर नाही. उन्हातून धावत आली असेल, दम लागला असेल.

मी वाचलं, एकेचाळीस अंश वीस मिनिटं.

पलीकडून हळू आवाज आला. "दोनशे एकवीस... वीस."

लिहिलं. दुर्बीण फिरवली. प्रिझमची दुसरी बाजू.

मी वाचलं, एकशे एकसष्ट अंश चार मिनिटं.



मग...

"तुनं चुकनं."

तुझं चुकलं, आणि तेही अहिराणीत. माझा पेन थांबला.

आमच्या घरी अहिराणी बोलतात. मी दोंडाईच्याची. सरिताच्या घरी पावरी. आम्ही दोघी एकमेकींशी कायम मराठीत बोलायचो.

"तीनशे एकेचाळीस... वीस," आवाज म्हणाला.

मी लिहिलं. का लिहिलं, माहीत नाही. हात लिहीत होता.

मग लक्षात आलं.

खिडकीतल्या खुणा केसाएवढ्या असतात. टॉर्च धरल्याशिवाय दिसत नाहीत.

टॉर्च एकच होता.

माझ्या हातात.

मी तो वर केला. समोर स्टूल होतं. स्टुलावर...

काही नव्हतं.

बाहेर कशी आले, आठवत नाही. नाना उठून उभे राहिले. माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं.

"कोनसंगे बोली ऱ्हायनी तू, बेटा?"

आत कुणी गेलं का, मी विचारलं. त्यांनी मान हलवली. नाही. मग आत न जाताच, हात लांबवून, दिव्याचं बटण बंद केलं.

सरिता आली तेव्हा साडेतीन वाजले होते. सोनगीरजवळ बस पंक्चर. ओढणीने तोंड पुसत म्हणाली, "माझ्याशिवाय उरकलंस? बरी गं पार्टनर."

मी सगळं सांगितलं. ती हसली नाही. वही घेऊन गणित करत बसली.

दोन आकड्यांच्या फरकाचा निम्मा म्हणजे कोन. माझ्या रकान्यातून आला एकोणसाठ अंश बावन्न मिनिटं.

दुसऱ्या रकान्यातून... साठ. बरोबर साठ. त्या जुन्या यंत्रावर आमच्या वर्गात कुणालाच कधी नेमका साठ आला नव्हता.

"हे लिहू नको," मी म्हटलं. "मी मॅडमना विनवते."

"मॅडम ऐकतील?"

मी घड्याळाकडे बघितलं.

"मग दे इकडे," ती म्हणाली. "मला घरी बसायचं नाहीये, नूतन."

तिने उतरवून घेतलं. दोन्ही रकाने. मी थांबवू शकले असते. पावणेचारला आम्हा दोघींच्या जर्नलवर मॅडमच्या सह्या झाल्या.

प्रॅक्टिकल परीक्षेत प्रत्येकीने एकटीने बसायचं असतं. चिठ्ठी उचलायची. मला दुसरा प्रयोग आला.

सरिताला प्रिझम.

तिला डार्क रूमच्या पडद्यामागे जाताना मी पाहिलं. अर्ध्या तासात बाहेर आली. इतक्या लवकर कुणीच येत नाही. एकटीला प्रत्येक आकड्यासाठी टेबलाला वळसा घालावा लागतो.

"साठ आला," ती म्हणाली.

"दुसऱ्या खिडकीकडे जाऊन बघितलंस ना?"

ती माझ्याकडे बघत राहिली. भीती नव्हती चेहऱ्यावर. थोडी कीव होती.

"जायची काय गरज?"

सरिता पहिल्या वर्गात पास झाली. पाड्यावर पेढे वाटले. आता जळगावला एम.एस्सी. करते. दर रविवारी फोन करते. खूश असते. वर्गात सगळ्यांच्या आधी हिचे प्रयोग होतात म्हणे.

मागच्या रविवारी सांगत होती की तिथे वर्गात विषम संख्या आहे, त्यामुळे हिला पार्टनर मिळालेली नाही.

मी म्हटलं, मग एकटी कशी करतेस?



ती म्हणाली, "एकटी कुठे?"