गायकाच्या रकान्यात

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाला गळ घालणार नाही. पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या मावसभावाच्या घरात घडलंय, आणि मी स्वतः त्या घरात बसून त्यातलं काही ऐकलंय.

रात्रीची वेळ नव्हती. ओसाड बंगलाही नव्हता.

रविवारची दुपार, साडेतीनचा सुमार. तिसऱ्या मजल्यावरचं तीन खोल्यांचं घर. खाली रस्त्यावर सायकलवाल्याची ठोकठोक चाललेली.

माझ्या या मावसभावाला आम्ही बारक्या म्हणतो. चाळिशी उलटली, कानावरचे केस पिकले, तरी बारक्याच. चष्म्याचं दुकान आहे त्याचं. लोकांना काळ्या खुर्चीत बसवायचं, भिंगं बदलत राहायचं आणि "आता स्पष्ट दिसतंय की मगाशी?" असं दिवसातून शंभरदा विचारायचं.

त्याचा थोरला भाऊ म्हणजे दादा.

दादा गायचा. तो गायला लागला की जिन्यात माणसं थांबायची. दोघं भाऊ एकाच गुरूंकडे शिकले. पण बारक्या सोळा वर्षांचा असताना गुरूंनी त्याला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "तू ऐकणारा फार चांगला होशील हो."

हा किस्सा बारक्या हसत हसत सांगतो. सांगताना त्याचे डोळे मात्र हसत नाहीत.

त्या रविवारच्या चार वर्षं आधी दादा गेला. क्लासात मुलांना शिकवता शिकवता बसल्या जागी कलंडला. त्याच्यामागे माझ्या मावशीची दृष्टीही गेली. म्हणजे ती आधीपासूनच चालली होती, पण मावशी तसंच म्हणायची.

तेव्हापासून मावशीला एकच विरंगुळा. दादाची गाणी ऐकायची.

तिला अंघोळीला नेणारी बारक्याची बायको. डोळ्यांत थेंब घालणारा बारक्या. रात्री तीनदा उठून पाणी देणारा बारक्या. आणि मावशीच्या तोंडी? "माझा दादा असता तर..."

त्या रविवारी मावशीच म्हणाली, "बारक्या, त्या डब्यातली सगळी गाणी नीट लाव ना रे. मला दादाचं ऐकायचं असतं आणि मधेच कुणीतरी भलतंच सुरू होतं."

डबा म्हणजे हार्ड डिस्क. दादाच्या मैफली, क्लासातला रियाझ, जुन्या कॅसेटींवरून उतरवून घेतलेलं, विकत घेतलेलं, सगळं त्यात. चार हजारांवर फायली. निम्म्यांना नावच नाही. नुसतं 'ट्रॅक एक', 'ट्रॅक दोन'.

बारक्या तसा टापटिपीचा. त्याने फायलींना जोडलेले माहितीचे रकाने उघडले. गायक, प्रकार, साल, शेरा. एकेक फाइल अर्धा मिनिट ऐकायची आणि तिला टॅग लावायचा. शास्त्रीय. सुगम. सिनेमातलं. रियाझ. उरलंसुरलं 'इतर'मध्ये.

संध्याकाळपर्यंत तीनशे फायली झाल्या. 'गायक' या रकान्यात तो बहुतेक एकच शब्द लिहीत होता.

दादा. दादा. दादा.

आणि मग त्याला एक फाइल सापडली. त्याची स्वतःची. सोळाव्या वर्षी घरी टेप केलेलं गाणं. मागे पंख्याची कुरकुर, वडिलांचा खोकला, आणि अंतऱ्यात वरच्या सुरावर फाटणारा त्याचा आवाज. चार हजारांत त्याची म्हणून ही एवढीच.

तिला कुणीतरी आधीच टॅग लावून ठेवला होता. प्रकार... इतर. बाकी सगळे रकाने रिकामे.

दादानेच लावला असणार. दुसरं कोण लावणार?

माणूस जाऊन चार वर्षं झाली, तरी भावाचा हेवा वाटावा याची बारक्याला लाज वाटली. पण हेवा वाटायचा तो वाटलाच.

त्याने दादाचं एक गाणं निवडलं. अगदी कोवळ्या वयातलं, मावशीने कधी न ऐकलेलं. गायकाच्या रकान्यातलं 'दादा' पुसलं आणि तिथे लिहिलं...

बारक्या.

मग ते गाणं त्याने मावशीला लावून दिलं.

मावशी पूर्ण गाणं संपेपर्यंत हलली नाही. "कोण रे हा?"

"मी, आई. शाळेतला. आठवत नाही तुला?"

मावशीने हात पुढे केला. चाचपडत त्याचा चेहरा शोधला आणि गालावरून हात फिरवला. "इतका गोड गात होतास तू? आणि मला पत्ताच नाही!"

चाळीस वर्षांत आईने असा हात फिरवल्याचं बारक्याला आठवत नव्हतं.

त्या आठवड्यात त्याने आणखी अकरा गाण्यांचे टॅग बदलले. मावशी शेजारणीला बोलावून ऐकवू लागली, "माझ्या धाकट्याचं आहे हं हे." बायको म्हणाली, "अहो, हे काय चालवलंय तुम्ही?" तर तो तिच्यावरच डाफरला. "त्याला काय फरक पडतो? तो आहे कुठे आता?"

पुढच्या रविवारी त्याने पुन्हा डिस्क जोडली.

बाराच्या बारा गाण्यांवर नाव होतं... दादा.

त्याला वाटलं, सेव्ह करायला विसरलो. पुन्हा बदललं. दोनदा तपासलं. स्वयंपाकघरात जाऊन चहा घेऊन आला.

दादा.

घरात संगणकाला हात लावणारं दुसरं कुणी नव्हतं. मावशी आतल्या खोलीत झोपली होती. बायको लेकीला घेऊन माहेरी गेलेली.

मग त्याचं लक्ष 'इतर'कडे गेलं. त्याची ती एकुलती एक फाइल. तिच्या शेऱ्याच्या रकान्यात आता काहीतरी लिहिलेलं होतं.

"काढून घेतलं."

त्याने फाइल सुरू केली.

पंख्याची कुरकुर होती. वडिलांचा खोकला होता. पेटीही वाजत होती. ध्रुवपद झालं... अंतरा आला... पेटी वर चढली, थांबली, पुन्हा खाली उतरली.

फक्त गाणारा नव्हता.

कुणीतरी अलगद उचलून न्यावा तसा त्याचा आवाज तेवढा नाहीसा झाला होता. गाणं संपल्यावर वडील म्हणाले, "शाबास." त्यानंतर पूर्वी बारक्या हसायचा, हे त्याला पाठ होतं.

आता तिथे शांतता होती.

बारक्याने घाईघाईने फोन उघडला. लेकीच्या वाढदिवसाचा व्हिडिओ. सगळे गातायत, टाळ्या वाजतायत. बारक्याचे ओठ हलतायत...

आवाज नाही.

लग्नाची चित्रफीत. बायकोला पाठवलेले जुने आवाजी निरोप. दुकानाची जाहिरात. सगळीकडे तो दिसत होता. ऐकू कुठेच येत नव्हता.

तो उठला आणि आतल्या खोलीत धावला. "आई!"

मावशी जागी होती. उशीला टेकून बसली होती. तिने मानही वळवली नाही.

"आई, अगं मी..."

खाली सायकलवाल्याच्या हातून पाना पडला. मावशी दचकली. "केवढ्यांदा आपटतात मेले," ती म्हणाली.

बारक्या तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. ओरडत होता.

मावशीने खोलीचा कानोसा घेतला आणि हाक मारली, "बारक्या... ए बारक्या, कुठे गेलास रे?"

कानाच्या डॉक्टरांनी दोनदा तपासलं. "कान ठणठणीत आहेत यांचे," म्हणाले. आणि ते खरंच होतं. मावशीला सून ऐकू यायची, नात ऐकू यायची, घड्याळाची टिकटिक ऐकू यायची. मी भेटायला गेले तेव्हा माझ्याशी तासभर बोलली. बारक्या आमच्या दोघींच्या मध्ये बसला होता आणि तिला "आई, आई" म्हणत होता. मला स्वच्छ ऐकू येत होतं.

तिला नाही.

त्याने सगळे टॅग दुरुस्त केले. दादाचं ते दादाला दिलं. डिस्कपुढे हात जोडून बसला. काही फरक पडला नाही.

शेवटी एका दुपारी त्याने बायकोला मध्ये घातलं. तो सांगायचा आणि ती मावशीला सांगायची. ती गाणी माझी नव्हती. मी खोटं बोललो. मला दादाचा हेवा वाटला.

मावशी ऐकून घेत होती. मग हसली.

"मला काय कळलं नव्हतं? पोटच्या पोराचा आवाज आहे तो. पहिल्या ओळीलाच ओळखला मी. म्हटलं, एवढी धडपड करतोय तर होऊ दे त्याच्या मनासारखं."

बारक्या तिच्या मांडीत डोकं खुपसून रडला. रडणंही तिला ऐकू आलं नाही. मांडी ओली झाली तेव्हा कळलं.

त्याच्या केसांतून हात फिरवत ती म्हणाली, "दादाला मी सांगितलं होतं रे. लहान आहे तो, असू दे. पण तो ऐकेना. म्हणाला, तू तेव्हा त्याच्या गालावरून हात फिरवलास, माझ्या कधी फिरवलास का? मी गायचो तेव्हा तू फक्त गाणं ऐकायचीस."

बायकोच्या हातातला पेला तसाच राहिला.

"कधी म्हणाला, आई?" तिने विचारलं.

मावशीने तोंड भिंतीकडे वळवलं, आणि त्यानंतर घरात दादाचं गाणं कधीही लावू दिलं नाही.

गेल्या वर्षी मावशी गेली. शेवटचे दोन दिवस बारक्या तिच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढत होता. तिने ती वाचली की नाही, सांगता येत नाही. पण तिने मूठ मिटून घेतली होती.

हे सगळं लिहू का, असं विचारायला मी परवा त्याला दुकानात फोन केला.

फोन उचलला गेला. मला दुकान ऐकू येत होतं. दाराची घंटी वाजली. कुठलंसं यंत्र घरघरत होतं. एक गिऱ्हाईक म्हणालं, "नाही, मगाचं जास्त स्पष्ट होतं." मग थांबलं, जणू कुणीतरी त्याला काही विचारत होतं. मग म्हणालं, "हां, आता बरोबर."

"बारक्या?" मी म्हटलं. "अरे बोल ना. बारक्या?"

दोन मिनिटांनी फोन बंद झाला आणि त्याचा मेसेज आला.

"ताई, मघापासून मी बोलतोय की तुझ्याशी. तू नुसतं बारक्या बारक्या काय करत होतीस?"

मी त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.

माझे कान मी काल तपासून घेतले. ठणठणीत आहेत म्हणाले.