चारशे सतरा नंबरची बदली

रिपोर्ट साडेचारला मिळेल असं लॅबमधल्या माणसानं सांगितलं, तेव्हा अकरा वाजले होते. इंदुरात मी पहिल्यांदाच आलो होतो. पाचला सरवटे स्टँडवरून भुसावळची बस, म्हणजे तोवर मी मोकळा.

मोकळं राहणंच मला नको होतं. माझ्या बायकोच्या, अरुंधतीच्या पोटात गाठ निघाली होती. गाठीच्या तुकड्याची काच इंदूरच्या लॅबमध्ये तपासून आणा, दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ऑपरेशन, असं आमच्या डॉक्टरांचं म्हणणं. निघताना मी नेहमीसारखी थट्टा केली, "काय सरकार, घाबरलात का?" घरात दोघंच असताना मी तिला सरकार म्हणतो. एरवी ती हसते. गाठ निघाल्यापासून महिनाभर हसली नव्हती, त्या दिवशीही नाही.

"गुंगी द्यायच्या आधी तुमचं तोंड दिसायला हवं," म्हणाली. "बाकी मला काही नको."

रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, तसं मी शहर बघायला निघालो. राजवाड्यापाशी शेव घातलेले पोहे खाल्ले, चव कळली नाही. पोह्यांच्या कागदावर रंगीत टीव्हीची जाहिरात होती, तीच तीनदा वाचली. मग वडिलांची मिल आठवली.

माझ्या जन्माआधी वडील इथल्या एका मिलमध्ये बदली कामगार होते. पहाटे दाराशी जाऊन बसायचं. कुणी कायमचा कामगार आला नाही की टाइमकीपर बदलीवाल्याला बोलवायचा आणि गैरहजर माणसाचा पितळी बिल्ला हातात द्यायचा. मग पाळी संपेपर्यंत तुम्ही तोच माणूस. हाक त्याच्या नावानं, शिव्याही त्याच्याच नावानं. "आठ तास मी कधी गणपत असायचो, कधी रामदीन," वडील हसून सांगायचे. "घरी आलो की तुझी आई आधी नाव विचारायची."

टेंपोनं परदेशीपुऱ्याच्या पुढे सोडलं. मिल बंद होऊन दोन वर्षं झाली होती. लोखंडी दाराला साखळी, भिंतीवर युनियनच्या अर्धवट पुसलेल्या घोषणा. दारासमोर कडुनिंब आणि त्याखाली दगडी ओटा. ओट्यावर सात माणसं दाराकडे तोंड करून बसली होती. कुणी विडी ओढत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. एका बंद दाराकडे सात माणसं इतक्या लक्षपूर्वक बघताना मी कधी पाहिली नव्हती. पण भर उन्हात दीड वाजता माणूस कशाला घाबरणार? सावलीला मीही टेकलो.

कडेचा माणूस सरकला. माझ्याच वयाचा, बारीक, भुवयांवर कापसाची लव.

"बसा ना, भिया. परगावचे दिसता. घर कुठं?"

"भुसावळ."

"घरी कोण कोण?"

"बायको. उद्या तिचं ऑपरेशन आहे."

"अरे रे. नाव काय त्यांचं?"

हे विचारणं मला खटकलं, पण दिवसभरात प्रेमानं चौकशी करणारा हा पहिलाच माणूस होता. मी नाव सांगितलं. त्यानं ते हळूच स्वतःशी म्हणून पाहिलं.

"मी रघुवीर," तो म्हणाला. "आत बघायची आहे का मिल?"

वडिलांचं सगळं मी त्याला सांगून टाकलं. तेवढ्यात मोठ्या दारातलं छोटं दार उघडलं आणि आतून आवाज आला, "चारशे सतरा!"

रघुवीरनं मुठीतला बिल्ला माझ्यापुढे धरला. "माझाच नंबर. तुम्ही जाऊन येता? बस पाच मिनट. देखरेखीची हजेरी आहे, और कुछ नहीं. पिशवी ठेवून जा, आत चालत नाही. मी बसलो आहे ना इथं."

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन! वडिलांचीच मिल, आणि तीही बदलीनं बघायची. मला हसू आलं. "म्हणजे मी तुमची बदली?"

"हो म्हणा ना."

"हो," मी म्हणालो.

बिल्ला गरम होता. इतका वेळ मुठीत होता म्हणून असेल.

आत कुणी दिसलं नाही. फक्त खिडकीतून एक हात बाहेर आला, बिल्ल्यावर बोट टेकवून मागे गेला. पुढे मागांचं मोठं खातं. माग विकले गेले होते, फरशीतून बोल्टांचे खुंट तेवढे वर आले होते. पण हवा दमट आणि गरम होती. ताज्या तेलाचा वास येत होता.

आणि फरशी थरथरत होती.

मी फिजिक्सचा मास्तर. जवळून मालगाडी जात असेल, असं आधी मनाशी म्हटलं. मग वाकून तळहात टेकवला आणि घड्याळ लावून ठोके मोजले. सेकंदाला तीन. साधा माग मिनिटाला एकशेऐंशी वेळा ठोकतो, हे वडिलांनी मला लहानपणीच शिकवलं होतं.

एका जागी फरशीला पायांच्या दोन खळग्या पडल्या होत्या. वडील असेच उभे राहत असतील, म्हणून मी त्यात पाय ठेवले. बरोबर बसले. शर्टाच्या बाहीवर लव साचू लागली. खात्यात कापसाचं बोंडही नव्हतं.

मागून कुणीतरी हाक मारली, "रघुवीर!"

मी "जी" म्हणालो.

का म्हणालो ते मला आजही सांगता येत नाही. मी धावत सुटलो. छोटं दार उघडंच होतं. घड्याळात पावणेदोन. चांगलं टिकटिकत होतं.

बाहेर कडुनिंबाची सावली दिसली. जाताना ती पूर्वेला, दाराकडे कलली होती. आता पश्चिमेला लांबवर पसरली होती.

ओट्यावर सहा माणसं. रघुवीर नव्हता. माझी पिशवी नव्हती, त्यात लॅबची पावती होती.

कोपऱ्यावर चहावाला स्टोव्ह पेटवत होता. त्याला वेळ विचारली.

"सात बजे हैं, भिया. सुबह के."

एसटीडी बूथ शोधला. दवाखान्याचा नंबर पाठ होता. नर्सनं फोन उचलला.

"अरुंधतीबाई ना? त्यांचे मिस्टर पहाटेच आले रिपोर्ट घेऊन. सही पण झाली."

"तिला फोन द्या. लगेच द्या!"

थोड्या वेळानं ती आली. "हॅलो?"

"अगं, मी बोलतोय."

"मी कोण?"

"वासुदेव. अगं, मी इंदुरातच आहे अजून!"

ती थंडपणे म्हणाली, "आजारी माणसाची असली चेष्टा करू नये. हे माझ्याशेजारी बसलेत."

तिच्या मागे कुणीतरी खाकरलं. तो आवाज माझा होता.

"कुणाचा फोन, सरकार?"

अरुंधती हसली. महिन्याभरात पहिल्यांदा हसली. आणि फोन ठेवला गेला.

मी सरवट्याला जायला टेंपोत बसलो. उतरलो तर समोर मिलचं दार. पुन्हा बसलो. पुन्हा तेच दार. तिसऱ्यांदा चालत निघालो, तेव्हा ओट्यावरचा एक म्हातारा म्हणाला, "कशाला पाय दुखवता? बसा. बिल्ला आहे ना तुमच्याजवळ?"

बिल्ला खिशातच होता. अजून गरम. मी ओट्याच्या कडेला बसलो. आता आम्ही सात झालो. आठ वाजून गेले असतील. गुंगी द्यायच्या आधी तिला माझं तोंड दिसलं असेल. तेवढंच तर तिनं मागितलं होतं. पण मला तिचं दिसलं नाही. घरी जायचंय मला, बाकी काही नको.

दुपारी एक माणूस टेंपोतून उतरला. हातात पिशवी, दाराकडे बघत घाम पुसत होता. सावलीकडे आला.

मी थोडा सरकलो.

"बसा ना, भिया," मी म्हणालो. "घर कुठं?"