निम्मी जखम

त्याचा फासा थेट माझ्या लिंबूपाण्यात पडला.

नाचघराच्या पायऱ्यांवर मी जीव मुठीत धरून बसले होते. दारातून एक लांबलचक मुलगा धडपडत बाहेर आला, हातातली पिशवी उसवली आणि सगळे फासे टपटप करत खाली घरंगळत गेले. एक माझ्या पेल्यात.

“सॉरी! किती पडले?” त्याने वाकून विचारलं.

मी पेल्यात डोकावले. “एक.”

“वाटलंच. आज तेच पडणार.”

“लिंबूपाणी माझं वाया गेलं आणि रडतोयस तू?”

तो हसला. उन्हाने रापलेला चेहरा, भुवया मात्र पिवळसर, जवळजवळ दिसतच नव्हत्या. फासा काढताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली… आणि त्याने ती जरा सावकाशच मागे घेतली.

“आर्न,” तो म्हणाला.

“मार्लिस.”

“अच्छा,” तो म्हणाला, आणि त्याचं हसू थोडं मावळलं. “म्हणजे दुपारचं टेबल तुझं.”

तेव्हा मला कळलं. सकाळचं टेबल ज्याचं होतं, तो हाच.

एकोणऐंशीचा ऑगस्ट होता. विस्कॉन्सिनमधल्या आमच्या तळ्याकाठच्या गावात, त्या नाचघरात, दर उन्हाळ्यात खेळांचा मेळा भरायचा. टेबलाभोवती बसायचं, सूत्रधाराने गोष्ट सांगायची, आपण त्यातली पात्रं व्हायचं आणि जगलो की मेलो ते फाशांनी ठरवायचं, असा तो खेळ. प्रत्येक पात्राचा एक वर्ग असतो. लढवय्या, जादूगार, वैद्य, चोर. हा खेळ काढणाऱ्या मिसेस कोबरच्या छोट्या कंपनीचं नवं नियमपुस्तक छापायला जाणार होतं आणि त्यात एकाच नव्या वर्गाला जागा उरली होती. निवडीत आर्नचा ‘माग काढणारा’ होता आणि माझा ‘वाटेकरी’; त्याच्या वर्गाची चाचणी सकाळच्या टेबलावर झाली होती, माझ्याची दुपारी होती. ज्याचा वर्ग निवडला जाईल, त्याला कंपनीत कामही मिळणार होतं.

वाटेकरी मला सुचला तो डुएनमुळे. डुएन माझा चुलतभाऊ. लहानपणापासून आमच्या टेबलावर तो फर्मान काढायचा, “मार्लिस, तू वैद्य हो. कुणीतरी व्हायलाच हवं.” मग सगळे तलवारी परजणार आणि मी मागे बसून पट्ट्या बांधणार! म्हणून मी असा वर्ग बनवला, जो पुढे घुसतो आणि जोडीदाराची जखम स्वतःच्या अंगावर घेतो. जखम दुसऱ्याच्या अंगावर गेली की निम्मी होते, असा नियम केला.

दुपारी मी सूत्रधार झाले. डुएन आणि आर्न, दोघांनीही वाटेकरीच घेतला. मिसेस कोबर पेन्सिल घेऊन कोपऱ्यात बसल्या. राक्षसाने डुएनवर गदा घातली.

“मी घेतो त्याची जखम,” आर्न म्हणाला. “निम्मी झाली ना?”

“हो.”

“डुएन, आता ती तू माझ्याकडून घे.”

डुएनचे डोळे चमकले. “घेतली! आता तू घे.”

“घेतली. तू घे.”

जखम झाली ओरखड्याएवढी, मग डासाच्या चाव्याएवढी, मग नाहीच. टेबल हसून हसून लोळलं. “आपण अमर झालो रे!” डुएन ओरडला. मिसेस कोबरनी पेन्सिल खाली ठेवली. डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून मी छताकडे पाहत राहिले.

“जेवून या सगळे,” मिसेस कोबर म्हणाल्या. “मार्लिस, चारला पुन्हा टेबल लाव. नियमातलं हे भोक बुजलं तर बघू.”

मी तडक धक्क्यावर गेले. तळ्यावर ढग दाटले होते. मागून फळ्या करकरल्या.

“ब्राटवुर्स्ट आणलंय,” सॉसेज घातलेल्या पावाची पुडी पुढे करत आर्न म्हणाला. “मोहरी जास्त लावून.”

“घेऊन जा. मला एकटीला बाजूला घेऊन सांगता आलं नसतं?”

“कधी? निवड झाल्यावर? पुस्तक घरोघर गेल्यावर? तिथे तर सगळेच हसले असते.”

“आज हसले त्याचा फायदा तुलाच झाला.”

तो दुखावला. कागदात गुंडाळलेलं ब्राटवुर्स्ट त्याने फळीवर ठेवलं. “झाला. आणि तरी मी इथे आलोय… का, ते मलाही माहीत नाही.”

तो जायला वळला, थांबला.

“अजून एक आहे. हे सांगू नये मी. पण तुझा नियम वाचताना मला राग आला होता.”

“कशाचा?”

“जखम माझी. तू ती न विचारता घेतेस. मला नको असली तर?”

“कुणाला नको असेल?”

“मला,” तो म्हणाला. “घरी सगळे माझं सगळं न विचारता करतात. वडिलांनी चीजच्या कारखान्यात माझी जागासुद्धा धरून ठेवलीय.” एवढं बोलून तो निघून गेला.

मी थंडगार ब्राटवुर्स्ट खात विचार करत बसले. न विचारता… मला तरी ‘वैद्य होतेस का’ असं कुणी कधी विचारलं होतं?

चारला मी नवा नियम सांगितला. वाटेकऱ्याने आधी विचारायचं. समोरच्याने होकार दिला, तर जखमेचा निम्मा भाग त्याच्याकडेच राहणार, निम्मा वाटेकऱ्याकडे येणार. आणि एकदा वाटली की ती पुन्हा कुणाला वाटता येणार नाही.

या वेळी आर्नने लढवय्या घेतला, डुएनने पुन्हा वाटेकरी. पुलावर राक्षसाने त्याला गाठलं.

“देतोस?” डुएनने विचारलं.

“नाही.”

मी फासे टाकले. आणखी एक घाव. आता एक फुंकर मारली तरी त्याचा लढवय्या कोसळला असता. बाहेर ढग गडगडले, कुणी मान वर केली नाही.

“आर्न, अरे, दे ना!” डुएन उठून उभाच राहिला. “मी मरत नाही लगेच! दे म्हणतोय ना!”

आर्नने डुएनकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. माझ्या मुठीतले फासे घामाने ओले झाले.

“दे… देतो,” तो म्हणाला.

ते दोघं लंगडत पूल ओलांडून गेले, तेव्हा टेबलावर कुणी हसत नव्हतं. “पुढच्या वेळीही हाच वर्ग माझा,” डुएन सगळ्यांना बजावत होता. हा तोच डुएन, ज्याने जन्मात कुणाला पट्टी बांधली नव्हती!

मिसेस कोबरनी फार वेळ घेतला नाही. “वाटेकरी,” त्या म्हणाल्या. “सोमवारी ऑफिसला ये, मार्लिस.”

डुएनने मला उचलून गरकन फिरवलं. मी खाली उतरले तेव्हा आर्नची खुर्ची रिकामी होती.

तो गाडीत खोकी भरत होता. थेंब पडायला लागले होते.

“आर्न.”

“आज मला तुझं अभिनंदन करता येत नाहीये,” तो पाठमोराच म्हणाला. “उद्या करेन. आज नको.”

“करू नकोस.”

“तू जिंकलीस याचं वाईट नाही वाटत. मी हरलो याचं वाटतंय. हे वेगळं आहे, हे मला कळतंय… फक्त आत अजून नीट उतरत नाहीये.”

“मी मिसेस कोबरना सांगितलं. न विचारता जखम घेण्याची चूक तू दाखवलीस म्हणून. त्या म्हणाल्या, चुका शोधणारा माणूसही त्यांना लागतोच. फोन करतील.”

तो वळला. “माझ्यासाठी शब्द टाकलास?”

“नाही. खरं ते सांगितलं.” मी एक पाऊल पुढे आले. “आणि अजून एक खरं आहे. तू मला आवडतोस. तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये मी. सकाळपासूनच… म्हणजे मधे तासभर अजिबात आवडत नव्हतास, पण ते सोड.”

तो हसला नाही. पाऊस वाढला, त्याच्या केसांतून पाणी ओघळायला लागलं. मला वाटलं, संपलं.

“घरी जायचं नाहीये मला आत्ता,” तो हळूच म्हणाला. “येतेस? कुठे ते ठरलेलं नाही.”

मी मान डोलावली. त्याने पुढच्या सीटवरची खोकी एकेक करून मागे टाकली, बाहीने सीट पुसली आणि दार उघडून धरलं.