बारीवरची चूल

भुताला न भिणारा माणूस अख्ख्या घाटनांदुरात एकच, आणि तो तुमच्यासमोर बसलाय. हसू नको सत्यम. रात्री परसाकडं जायचं असलं की मी तुझ्या आजीला उठवतो, ते निव्वळ तिला सोबत म्हणून. बॅटरी तिच्या हातात देतो आणि आपण मागं चालतो. समोरून काही आलंच, तर ओळख आधी तिची होऊ दे.

उद्या तुम्ही दोस्तमंडळी डोंगरात चालला, कोंबडा शिजवणार, लोळणार. खुशाल जा. फक्त चूल कशावर मांडता तेवढं बघा. चौकातल्या खताच्या दुकानात तो खाली मान घालून बियाणं विकणारा पोरगा हाय ना, गहिनीनाथ, तो आठ-दहा महिने झाले आपल्या गावी गेला नाही. कावून? त्यानं मला सांगितलं तसं सांगतो. माझ्या पदरचं त्यात काही नाही, आणि असलं तर तेवढं चांगलंच असेल.

गहिनीनाथ आष्टीकडच्या डोंगरातला. वाडीचं नाव सांगत नाही, तिथली माणसं माझ्यावर अजून दात धरून आहेत. तो तेव्हा बीडला क्लासला होता. डिसेंबरची तेरा तारीख, शनिवार. खोलीवरचे दोन दोस्त, विजयसिंह आणि सुरज, त्याला घेऊन सकाळीच डोंगराच्या पायथ्याशी आले. गाडी विजयसिंहाची, म्हणजे त्याच्या बापाची, म्हणजे बापाच्या पुढारपणाची. माथ्यावरून पवनचक्क्यांपर्यंत चालत गेले, हिवराच्या सावलीत पत्ते कुटले, दुपारभर ताणून दिली. सुरज असा घोरला की खालच्या रानातली शेरडं उठून पळाली.

गहिनीनाथ मात्र दिवसभर एकाच गोष्टीला जपत होता. पोरांना वाडीत न्यायचं नाही. तीन वर्षं त्यानं सांगितलेलं की आपली चौदा एकर बागायत हाय, दाराला गडी हायत. दाराला होतं कुलूप. आई चंद्रभागाबाई आणि बाप, दोघं दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे ते चैत्रात परत यायचे. वाडी रिकामी दिसेल म्हणून यानं आधीच सांगून ठेवलेलं, सगळी माणसं लग्नाला गेलीत.

चार वाजता विजयसिंहानं त्याला पाण्याला पिटाळलं. चल बे बागायतदार, कॅन भरून आण म्हणाला. हातपंप लांब खाली. गहिनीनाथ कॅन खांद्यावर घेऊन धापा टाकत वर आला, तोवर बारीवर, म्हणजे वाडीची वाट जिथं डोंगर ओलांडते त्या खिंडीत, तीन दगडांची चूल मांडून झाली होती.

तो जागीच थांबला.

त्या वाडीची एक रीत होती. तोडीला निघायच्या दिवशी घरच्या बाईनं आपल्या भिंतीतला एक दगड काढायचा, बारीवर आणून ओळीत ठेवायचा. परत आली की तिनंच तो उचलून घरी न्यायचा. ओळीतला दगड हलला तर त्या बाईची घराची वाट चुकते, असं बायका म्हणायच्या. ओळीच्या पार टोकाला सात-आठ दगड होते, शेवाळानं काळे पडलेले. ते वर्षानुवर्षं कुणी न्यायला आलंच नव्हतं. त्यांच्याकडं कुणी बोटसुद्धा दाखवत नसे.

चुलीचे दोन दगड त्या काळ्यांतले होते. तिसऱ्याला एका अंगानं निळा रंग होता. गहिनीनाथच्या घराची भिंत निळी.

“काय बघतो बे?” विजयसिंह म्हणाला. “दगडंच हायत.”

एक वाक्य पुरलं असतं. माझ्या आईचा दगड हाय, ठेव तिथं. पण मग चौदा एकर गेले असते, गडी गेले असते, आणि खोलीवर राहिली असती ती नुसती दात काढणारी दोघं. शिकलेला पोरगा, दगडानं कुठं वाट चुकत असते का, असं त्यानं मनाला समजावलं. खाली बसला आणि स्वतः चुलीत फुंकर घातली. डोळ्यांत पाणी आलं त्याला धूर म्हणाला.

रस्सा उकळायला लागला तसा निळा दगड तडकला. टच्च. सुरज म्हणाला, चला, शिट्टी झाली. गहिनीनाथनं तो कोंबडा खाल्ला. कसा लागला, मी विचारलं. तो म्हणाला, आठवत नाही.

दिवस मावळता तिघं खाली गाडीपाशी आले. सहा वाजून वीस मिनिटं. गहिनीनाथचा फोन वाजला. पडद्यावर आईचं नाव.

“गहिन्या… फडातून निघाले रे. कोपी सापडंना.”

कोपी म्हणजे तोडकऱ्यांची पाचटाची, उसाच्या वाळल्या पानांची झोपडी. ऊस तोडतात त्या फडापासून हाकेच्या अंतरावर असते.

त्यानं बापाचं विचारलं, अण्णा कुठं हायत? तिकडून वारा तेवढा. मग पुन्हा तेच, त्याच आवाजात.

“फडातून निघाले रे. दिवा दिसतो. जवळ गेलं की मागं सरतो… मला घरची वाट सापडंना.”

फोन बंद झाला. त्यानं लावून बघितला. लागेना.

त्यानं विजयसिंहाला थांब म्हटलं, वर जाऊन येतो. कशाला, तर चार्जर राहिला. आईचा जीव टांगणीला लागला तरी पोरगा चार्जर म्हणाला, बघा. विजयसिंहानं त्याला दोन शिव्या दिल्या, एवढ्या मोठ्या बागायतदाराला आम्ही कोंबडं खाऊ घालायचं आणि वर वाट पण बघायची का म्हणाला, आणि सरळ गाडी काढली. मागचे लाल दिवे वळणाआड गेले. वर पवनचक्क्यांचे लाल दिवे होते. ते एकदम लागत. एकदम विझत.

चंद्र पार उत्तररात्रीचा. मोबाईलच्या उजेडात गहिनीनाथ बारी चढला. सात वाजून पाच मिनिटांनी वर पोचला. वेळ त्याला पक्की आठवते, कारण त्यानंतर मोबाईल बंद पडला. चार्जर म्हणाला होता ना.

राखेत निखारे होते अजून. त्या उजेडात त्याला निळा दगड दिसला. मधोमध दोन तुकडे.

दुसरे दोन दगड नव्हते.

त्यानं ओळीकडं बघितलं. टोकाचे काळे दगड आपापल्या जागी. सगळे. राखेनं माखलेले दोन त्यांच्यात नीट बसलेले. मधे, निळ्याची जागा तेवढी मोकळी.

कुणी ठेवले?

त्यानं शर्टाच्या सोग्यात तुकडे धरले. हात भाजले. सोडले नाहीत. ओळीपाशी गेला. एक तुकडा ठेवला. त्याला दुसरा टेकवला.

अंधारात कुणीतरी खाकरलं.

“कुणाचा रं तू?”

आवाज बाईचा का बाप्याचा, कळेना. लई दिवस न बोललेला गळा. आवाज येत होता टोकाकडून. जमिनीलगतून.

तीन वर्षं या प्रश्नाचं उत्तर त्याच्या तोंडावर असायचं. आता ते चौदा एकर तोंडातून निघेनात.

“कुणाचा?”

“चंद्रभागाबाईचा,” तो म्हणाला. “ऊसतोडीला गेलीय ती.”

जन्मात पहिल्यांदा हे वाक्य त्यानं मोठ्यानं म्हटलं.

तिकडून मग हसल्यासारखं काहीतरी… कोरडं.

“मग बोलाव की.”

“आई…” तो म्हणाला. “आई, घरी ये.”

…

वारा थांबला.

टोकाचा एक दगड हलला. घरंगळला. थांबला.

पावलं आली. अनवाणी. एक… एक… त्याच्याकडं. त्यानं डोळे मिटले. खांद्याला काहीतरी घासून गेलं. जळालेल्या पाचटाचा वास.

पावलं पुढं गेली. वाडीच्या वाटेनं. खाली. चाचपडत नाही. वाट पाठ असल्यासारखी. भरभर.

मग तीही नाहीत.

तो वाडीत गेला नाही. दुसऱ्या अंगानं उतरून डांबरी रस्त्यावरच्या एसटीच्या शेडात रात्रभर बसून राहिला. सकाळी आठला चहाच्या टपरीवाल्याकडं मोबाईल चार्ज केला, आईला लावला. विचारलं, पोचलीस का गं? ती म्हणाली, पोचले की, कावून रे? तो इतका हसला की टपरीवाल्यानं त्याच्याकडं पाहिलं आणि चहाचे पैसे आधीच मागून घेतले. पुढं काही विचारायचं त्याला सुचलंच नाही. विजयसिंहाच्या खोलीवर मात्र तो परत गेला नाही. आपलं सामान आणायला दुसऱ्याला पाठवलं.

चैत्रात आई-बाप आले. गहिनीनाथ बारीवर त्यांना घ्यायला गेला. चंद्रभागाबाईनं आपल्या दगडाचे दोन तुकडे बघितले. त्यानं तिथंच उभं राहून सगळं सांगितलं, चूल, चौदा एकर, फोन, सगळं. बाप दुसरीकडं बघत राहिला. आईनं ऐकून घेतलं, तुकडे पदरात बांधले आणि चालायला लागली.

कुलूप गंजलेलं. बापानं तेल सोडून, दगडानं ठोकून उघडलं. पाच महिन्यांत त्याला कुणी हात लावला नव्हता हे दिसतच होतं. दार ढकललं.

घर सारवलेलं होतं.

शेणाचा ओला वास. भुई दमट. आतल्या भिंतीपासून दारापर्यंत बोटांच्या गोल रेघा एकसारख्या ओढत आणलेल्या, उंबऱ्याशी येऊन थांबलेल्या. बाहेर एक ठसा नाही.

चंद्रभागाबाई वाकली. रेघांवर आपली बोटं ठेवून बघितली. बसेनात. रेघा फार रुंद होत्या.

गहिनीनाथ उंबऱ्याबाहेरच राहिला. तो म्हणाला, शेजारणीनं कुणी सारवलं असेल, तू कशाला एवढं मनावर घेते. तू सुखरूप आलीस ना. त्या संध्याकाळी मी बारीवरून हाक मारली म्हणून तर तुला वाट सापडली.

आईनं बोटं पदराला पुसली.

“मला कुठं वाट चुकलती रे? सहा वाजता तर मी कोपीत भाकरी थापीत होते, अन् फोन दिवसभर मुकादमाच्या ट्रॅक्टरवर चार्जिंगला होता. तू घरी ये म्हणलास, ते कुणाला?”